सायकलला लावायचं सेफ्टीचं सामान: लाइट, आरसा, घंटी, हेल्मेट (सांगलीत वापरून)

आधीच सांगते, हा सायकलचा रिव्ह्यू नाही. सायकल साधीच आहे, बिनगिअरची लेडीज, पुढं बास्केट, मागं कॅरिअर, चेन कव्हर वगैरे. घेऊन बरीच वर्षं झाली आणि तिच्याबद्दल काही तक्रार नाही. रिव्ह्यू आहे तो तिच्यावर जे सामान चढवलंय त्याचा. मागचा लाइट ४५०, पुढचा ७००, आरसा २५०, घंटी १२०, हेल्मेट १४००, आणि ते पोपटी चमकणारं जॅकेट १५०. म्हणजे तीन हजाराच्या वर गेलं, आणि घरच्यांनी विचारलंच की एवढ्यात सेकंडहँड अजून एक सायकल आली असती. आली असती की. पण विजयनगरहून गावभागात रोज कामाला जायचं, संध्याकाळी अंधार पडल्यावर परत यायचं, आणि रस्ता कुठला तर सांगली-मिरज, तर हे सामान घ्यावंच लागलं. ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, आणि मधे मधे रस्त्यावर घसरणार आहे ते चालवून घ्या, कारण ह्यातली एकेक वस्तू वापरताना कळतं की ही वस्तू आपण रस्त्यात काय नाही म्हणून घेतलीये.

दुकान आधी. सगळं सामान गावातल्या एका जुन्या सायकलच्या दुकानातून घेतलं. ऑनलाइन शंभर-दीडशेनं स्वस्त पडलं असतं, पण इथं मामा (सगळेच मामा म्हणतात) लाइट लावून दाखवतात, क्लॅम्प आपल्या सीटच्या दांड्याला बसतो का बघतात, हेल्मेट डोक्यावर ठेवून मान खाली घालून हलवायला लावतात, पट्टा न बांधता पुढं सरकलं की म्हणतात हे नको ताई, एक साइज खाली. गेल्या गेल्या मागच्या चाकाचा आऊट (रिम वाकडी फिरत होती ती) काढून दिला, त्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. माल मोजकाच ठेवतात, पण जो ठेवतात त्याची वॉरंटी स्वतः निस्तरतात, माझा पुढचा लाइट एकदा बदलून दिला काही न बोलता.

तक्रार एकच आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितलीये. पंक्चरचं घमेलं, हवेचा पंप, दुरुस्तीला आलेल्या सायकली, सगळं फुटपाथवर. म्हणजे सायकलवाल्यांचं भलं करणारं दुकान आणि त्याच्यासमोर चालणाऱ्याला खाली रस्त्यावर उतरावं लागतं. मामा म्हणाले, ताई मी आत्ता उचलतो, पण शेजारच्याचा फ्रीज, त्याच्या पुढचा वडापावचा गाडा आणि त्याच्याही पुढची बुलेट कोण उचलणार? तर ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. घमेलं अजून तिथंच आहे.

आता मागचा लाइट. सगळ्यात आधी हाच घ्या, बाकी काही परवडत नसेल तरी हा घ्या. चार मोड आहेत, त्यातला एकदम भकभक करणारा मोड मी वापरत नाही, कारण तो मागच्याचं लक्ष वेधतो हे खरं पण सायकल नेमकी किती लांब आहे ह्याचा अंदाज त्याला नीट येत नाही. मी संथ लुकलुकणारा लावते. पावसात चालतो, डब्यावर आयपीएक्स४ लिहिलंय म्हणजे शिंतोडे चालतात, बुडवायचा नाही. रबरी पट्टा मात्र कच्चा, उन्हात वर्षभरात चिरा पडतात, मामांकडं नुसता पट्टा वेगळा मिळतो.

ह्या लाइटची खरी परीक्षा ऊस सुरू झाला की होते. दिवाळीनंतर कारखाने पेटले की आपल्याकडं संध्याकाळचे रस्ते ट्रॅक्टरचे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाल दिवा असला तर असला नाहीतर रिफ्लेक्टरची पट्टी धुळीनं झाकलेली, आणि ड्रायव्हरच्या कानात गाणी एवढ्या जोरात की ती आपल्याला पण ऐकू येतात. मला लाइट आहे, ट्रॉलीला नाही, म्हणजे हलकीशी सायकल दिसते आणि काही टनांची ट्रॉली दिसत नाही, असला उलटा कारभार. आणि ट्रॉली ओव्हरटेक करायला जो टू-व्हीलरवाला बाहेर येतो त्याचं सगळं लक्ष ट्रॉलीच्या टोकाकडं, त्याला माझा लाइट दिसला तरी त्याचा मेंदू तो मोजत नाही. लाइट आपलं काम करतो, पण त्याचं काम फक्त दाखवायचं आहे. बघणाऱ्यानं पुढं काय करायचं ते लाइटच्या हातात नाही.

पुढचा लाइट ७०० चा. उजेड भरपूर. थोडा खाली वाकवून लावा, नाहीतर समोरच्या सायकलवाल्याला आणि चालणाऱ्याला आंधळं करतो, जे चारचाकीवाले आपल्याला रोज करतातच, त्यात आपली भर नको. ह्यानं खड्डा आधी दिसतो हे एकदम खरं. पण खड्डा दिसला म्हणून काय करणार? डावीकडं साइडपट्टी, ती डांबरापासून चांगली बोटभर ते वीतभर खाली, उजवीकडं गाड्या. मग वेग कमी करून खड्ड्यातूनच सायकल नेते, हाडं खिळखिळी होतात पण माणूस जिवंत राहतो. साइडपट्टीचं म्हणाल तर आपल्याकडं सायकलची अधिकृत जागा तीच समजली जाते, बोलत कुणी नाही पण प्रत्येक हॉर्न तेच सांगत असतो, खाली उतर. आणि तीच जागा मुरमाची, खचलेली, तिथंच केबलची चर खणून अर्धवट बुजवलेली, तिथंच वाळूचा ढीग.

आरसा. हा हँडलच्या टोकाला लागतो, गोलाकार काच, बाहेरगोल असल्यामुळं मागचं सगळं दिसतं पण लांब आणि लहान दिसतं, त्यामुळं पहिले काही दिवस आरशावर विश्वास ठेवून वळू नका, मान वळवून बघायची सवय ठेवाच. हलतो फार. डांबर गुळगुळीत असेल तिथं चित्र स्थिर, बाकी ठिकाणी ट्रक येतोय का हत्ती ते कळत नाही. तरी मी हा काढणार नाही, आणि कारण वडाप, म्हणजे शेअर रिक्षा.

सांगली-मिरज रस्त्यावर जे रोज जातात त्यांना वडाप समजावून सांगायला नको. रिक्षा तुमच्या मागून येते, तुम्हाला ओलांडून पुढं जाते आणि पॅसेंजरनं हात केला की तुमच्या पुढ्यात तिरकी होऊन डावीकडं थांबते. मग तुम्ही काय करायचं तर ब्रेक मारायचा नाहीतर उजवीकडून निघायचं, आणि उजवीकडून निघायचं तर मागून काय येतंय ते आधी माहिती पाहिजे, म्हणून आरसा. रिक्षावाल्याचं पोट त्या पॅसेंजरवर आहे, मी त्याला शिव्या देत नाही (मनात देते). त्याला थांबायला बाजूला खिसा काढून दिलेला नाही आणि मला जायला वेगळी पट्टी नाही, दोघांना मिळून तोच दीड मीटर, त्यात कोण आधी घुसतं एवढंच. आरसा मला सांगतो की मागून डंपर येतोय. मग? मग काही नाही. माहिती असून मरायचं का माहिती नसताना एवढाच चॉइस, आणि म्हणून मी म्हणते की २५० चा आरसा म्हणजे जी पट्टी रस्त्यात असायला पाहिजे होती तिची बदली.

आणि ही पट्टी म्हणजे काही फार मोठं मागणं नाही हो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मापं ठरवणारी देशातली संस्था) मापाप्रमाणं सायकल ट्रॅक कमीत कमी २ मीटर रुंद आणि फुटपाथवर चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर. आता आपला शंभर फुटी रोड घ्या. नावाप्रमाणं १०० फूट धरला तर झाले साधारण ३०.५ मीटर. दोन्ही बाजूंनी २ मीटरचा ट्रॅक आणि १.८ चा फुटपाथ दिला की गेले ७.६ मीटर. उरले जवळपास २३. गाड्यांची एक लेन साडेतीन मीटरची धरतात, म्हणजे सहा लेन टाकूनसुद्धा जागा शिल्लक राहते. सहा लेन! सांगलीला सहा लेन कशाला लागतात? तर जागा नाही हे जे कायम ऐकायला मिळतं ना, ते निदान त्या रस्त्यापुरतं तरी कागदावर टिकत नाही. जागा आहे, फक्त ती कडेला लावलेल्या गाड्यांच्या ताब्यात आहे.

ट्रॅक म्हणजे पट्टा रंगवून त्यावर सायकलचं चित्र काढलं असंही नको. रंगानं काही थांबत नाही, महिन्याभरात त्यावर चारचाकी पार्क होते आणि पावसाळ्यात चित्रही धुऊन जातं. मधे कर्ब पाहिजे, उंचवटा पाहिजे, काहीतरी टणक. पुण्यात ट्रॅक केले ते आपण सगळ्यांनी बघितलेत, थोडं अंतर जायचं की संपला, पुढं डीपी, पुढं बसस्टॉप, पुढं झाड, आणि मग सांगायचं की बघा एवढा खर्च केला पण कुणी वापरत नाही. अर्धा पूल बांधून ठेवला तर त्यावरून कोण जाणार? पण त्याच पुण्यात जंगली महाराज रोडचा फुटपाथ रुंद केला तर तिथं संध्याकाळी माणसं मावत नाहीत. चालायला जागा दिली की माणूस चालतो, त्याला वेगळं आवाहन करावं लागत नाही.

आता घंटी, आणि ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय.

घंटी मी जुन्या पद्धतीची घेतली, मोठी वाटी, अंगठ्यानं ओढली की ट्रिंग ट्रिंग करत राहणारी. ती नवी छोटी टिंग करणारी अजिबात घेऊ नका, ट्रॅफिकमधे ऐकू येत नाही. माझ्या १२० रुपयाच्या घंटीचा आवाज हरभट रोडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, गंज धरू नये म्हणून आतल्या दातांना महिन्यातून एकदा थेंबभर तेल. वस्तू म्हणून दहापैकी दहा.

पण ती मी कुणावर वाजवते? बुलेटवाल्याला ती ऐकू येत नाही. चारचाकीच्या काचा वर. ऐकू येते ती फक्त चालणाऱ्याला. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, बाजाराच्या वेळेला जाऊन बघा, माणसं डांबरावरून चालतात. हातात पिशव्या, एका हाताला पोरगं, आणि मागून आमची ट्रिंग ट्रिंग. मग आजीबाई दचकतात, मागं वळून बघतात आणि जे काय बोलतात ते बरोबरच असतं. त्या काही हौसेनं रस्त्यावर आलेल्या नाहीत. फुटपाथवर चढायला जावं तर पायरी गुडघ्याएवढी (नियमात कर्बची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच), चढल्यावर दोन दुकानं गेली की कुणाचा तरी गाडी चढवायचा रॅम्प, मग बाहेर मांडलेला माल, मग बोर्ड, मग उतरा. गुडघेदुखीचा माणूस एकदाच विचार करतो आणि डांबर धरतो. आणि तिथं त्याची गाठ पडते माझ्याशी, जिला साइडपट्टीवरून गाड्यांनी तिथं ढकललेलं असतं. दोघंही आपापल्या जागेवरून हाकललेले आणि भांडण आमच्या दोघांत. सायकलवाले फार माजलेत, चालणाऱ्यांना रस्त्याचं भान नाही, असं आम्ही एकमेकांना म्हणतो आणि ज्याची गाडी फुटपाथवर लावलीये तो आत चहा पीत असतो.

देशाचा २०२२ चा सरकारी आकडा आहे, रस्त्यावर मेलेली माणसं १,६८,४९१. त्यात पायी चालणारी ३२,८२५. म्हणजे दर पाचातला जवळपास एक माणूस नुसता चालत होता. सायकलवाले शंभरात तीनच्या आसपास, आणि हे कमी वाटत असेल तर एक लक्षात घ्या की भीतीनं कितीजणांनी सायकल कधीच सोडून दिलीये, ते ह्या आकड्यात येतच नाहीत. सांगलीसारखं सपाट गाव! साताऱ्याला निदान चढ आहे, राजवाड्यावरून पोवई नाक्याला उतरताना बरं वाटतं आणि परत चढताना फेस येतो, तिथल्या माणसानं गाडी काढली तर समजू शकते. इथं ना चढ ना उतार, गावभाग ते विश्रामबाग आरामात पाय मारत जाता येतं, आणि तरी आठवीतल्या पोराला क्लासला आई स्कूटीवर सोडते. विचारलं तर म्हणते रस्ता बघितलाय का. मग क्लास सुटायच्या वेळेला दारात पन्नास स्कूट्या उभ्या, आणि त्या गर्दीमुळं अजून पाच आया ठरवतात की सायकल नको.

सरकारचं पण बघा. मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, चांगली योजना आहे, मुली शाळेत टिकतात. पण सायकल दिली आणि रस्ता तोच. पोरीनं त्या सायकलवरून हायवेच्या कडेनं जायचं, डंपरच्या वाऱ्यानं हँडल डगमगतं त्या जागेतून. सायकलबरोबर रस्त्याची कडची दोन मीटर पण द्या की.

आणि आमराई, आपली गावातली बाग. सकाळी आमराईत फिरायला येणाऱ्यांच्या बाहेर लागलेल्या गाड्या बघा कधीतरी. माणसं गाडीवर बसून चालायला येतात. हसायला येतं, पण मी एकीला विचारलं तर ती म्हणाली घरापासून इथपर्यंत चालायला जागा कुठाय, कुत्री वेगळीच. तिचं चुकलं कुठं?

हेल्मेट. १४०० चं. आत ईएन १०७८ लिहिलेलं बघून घ्या, ते सायकल हेल्मेटचं युरोपचं स्टँडर्ड आहे. टू-व्हीलरचं आयएसआय हेल्मेट सायकलवर घालू नका, जड असतं, वारा लागत नाही, उन्हाळ्यात चक्कर येईल. हे हलकं आहे, भोकं भरपूर, मागं फिरवून घट्ट करायचं चाक आहे, अंबाडा मात्र बसत नाही, वेणी घालावी लागते. एकदा आपटलं की टाकून द्यायचं, वरून चांगलं दिसलं तरी आतला थर्मोकोल चेपलेला असतो. घामाची पॅडं निघतात, धुता येतात.

आता ह्या हेल्मेटची टेस्ट कशी करतात ते वाचलं आणि मला जरा गारच पडल्यासारखं झालं. सपाट लोखंडावर ते ताशी साधारण २० किलोमीटरच्या वेगानं आपटतात. म्हणजे आपण स्वतः तोल जाऊन पडलो तर डोकं वाचेल, ह्याच्यासाठी ते बनलंय आणि त्यासाठी ते उत्तम आहे, घालाच. पण ५०-६० नं येणाऱ्या गाडीसमोर त्याला कुणी कधी उभं केलेलं नाही, आणि ते बनवणाऱ्यानं तसं म्हटलेलंही नाही. त्यामुळं अपघात झाला की बातमीत जे येतं ना, हेल्मेट घातलं नव्हतं, ते वाचलं की माझं डोकं फिरतं. गाडीचा वेग काय होता ते पहिलं लिहा की. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेची जागतिक परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात हेच आहे की जिथं चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथं वेग ३० च्या वर नको. आपल्याकडं शाळेपुढं ३० चा बोर्ड असला तरी बोर्ड वाचून कुणी ब्रेक मारत नाही, रस्ता सरळ आणि गुळगुळीत असला की पाय आपोआप ॲक्सिलरेटर दाबतो. त्यापेक्षा झेब्राच फुटपाथच्या उंचीला उचलून घ्या, म्हणजे गाडीला त्यावर चढून उतरावं लागतं, पोरांना खाली उतरावं लागत नाही आणि व्हीलचेअर पण सरळ जाते. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद १९४७ चं, म्हणजे विश्रामबागेत पोरं रस्ता ओलांडणार हे काय आज कळलेलं नाही आपल्याला.

जॅकेट १५० चं, ठीक. उन्हाळ्यात घालवत नाही, कापड प्लॅस्टिकसारखं आहे. दोन-तीनदा धुतलं की चमक कमी होते. मी ते घालून कोपऱ्यावर थांबले की लोक विचारतात मॅडम गाडी इथं लावली तर चालेल का. मी नाही म्हणते. लावत नाहीत! एवढा अधिकार मला दीडशे रुपयांत मिळाला.

तर सामानाचा रिव्ह्यू असा की सगळं चांगलं आहे, पण ह्या सगळ्याचा अर्थ मीच दिसायचं, मीच बघायचं, मीच वाजवायचं, मीच डोकं सांभाळायचं. रस्त्यानं काय करायचं? हा प्रश्न घेऊन मी अर्ज पण दिलेत. एका कार्यालयानं सांगितलं रस्ता आमच्याकडं नाही, दुसऱ्यानं सांगितलं फुटपाथ आमच्याकडं नाही, आणि फुटपाथ रस्त्यावर नाहीतर काय हवेत आहे का, असं विचारायचं होतं पण विचारलं नाही. एक मात्र झालं, एका वळणावरचा बंद दिवा लागला, कारण अर्जात मी खांबाचा नंबर टाकला होता. रस्त्यावर सुधारणा व्हाव्यात वगैरे लिहिलेल्या अर्जाचं काहीच झालं नाही.

त्यावरून मला एक सुचलंय. आपल्या गावात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं हे पावसाळ्यात शाळेतलं पोरगं पण सांगतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. पूल १९२९ चा, पण फुटाचा हिशोब आजही घराघरात. दर तासाला मोबाइलवर आकडा येतो, आकडा आला की माणसं सामान वर चढवतात, नेते धावतात, कलेक्टर बोलतात. कारण ते मोजलं जातं. फुटपाथ किती फूट मोकळा आहे हे कुणी मोजतं का? शिंप्याची टेप घ्या, तुमच्या घरापासून चौकापर्यंत जा, जिथं अडतं तिथं मोजा आणि लिहा. इथं ६० सेंटिमीटर मोकळं, पाहिजे १८०. इथं कर्ब ३५० मिलिमीटर, पाहिजे १५०. फोटोत टेप दिसली पाहिजे. आणि खाली हे पण टाका की सुप्रीम कोर्टानं १४ मे २०२५ ला सांगितलंय, चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि अपंगांनासुद्धा तो वापरता आला पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला घातलेलं कलम १९८अ पण आहे, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मापाप्रमाणं केली नाही आणि त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार असलेल्याला एक लाखापर्यंत दंड. दंड मोठा नाही, पण कलमाचा नंबर वाचला की अर्ज फाइलला लागतो, नुसता ढिगात जात नाही. नगरसेवकाकडं जाताना पेव्हिंग ब्लॉक मागू नका, ते आनंदानं देतील, असलेले उखडून नवे बसवतील आणि त्यावर गाड्या तशाच. मोकळी रुंदी मागा.

व्यापाऱ्यांचं म्हणणं असतं की पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक येणार नाही. मी गिऱ्हाईकच आहे. सायकल स्टँडला लावते, एका गाडीच्या जागेत सात-आठ सायकली मावतात, आणि मी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात चालत जाते. चालता आलं तर. नाही आलं तर एकच काम करून घरी येते आणि बाकीचं ऑनलाइन मागवते, आता बसा.

घ्यायचंच असेल तर क्रम असा ठेवा: मागचा लाइट, हेल्मेट, घंटी, मग पुढचा लाइट, आरसा सगळ्यात शेवटी, आणि जॅकेटऐवजी वीस-तीस रुपयाची रिफ्लेक्टर टेप आणून मडगार्डला आणि पेडलला चिकटवली तरी चालेल, पेडल वरखाली होतं त्यामुळं ते लांबून लगेच ओळखू येतं. ट्रॅक्टरवाले ओळखीचे असतील तर तीच टेप त्यांच्या ट्रॉलीला पण लावून द्या, लाल रंगाची, नाही म्हणत नाहीत ते. लाइट घेताना चार्जिंग टाइप-सी आहे का विचारा, जुना स्टॉक अजून मायक्रो युएसबीचा येतो आणि ती पिन सहा महिन्यांत ढिली होते.